पिवळे कान

मी मकरंद. घरात मक्या.
वेणू माझी मैत्रीण पक्की.
माझं घर तिवंध्यापाशी,
तिची शनी चौकात चक्की.

चक्की म्हणजे पिठाची बरं!
म्हणून वेणू पांढरी-पांढरी.
भुवईवर गहू, वेणीत बाजरी,
नाकावर थोडी ज्वारी.

आमच्या नाशकात रंगपंचमीला
चौकात उघडते रहाड.
रहाड म्हणजे दगडी हौद,
वर्षभर बंद तिचं कवाड.

आत रंग काठोकाठ.
वरून उडी मारायची – धप्पा!
रंग उडतो इतका उंच,
वरच्या मजल्यावर भिजतात आप्पा.

तिवंध्याचा रंग पिवळा,
शनी चौकाचा गुलाबी.
आणि दोन्ही इतके पक्के
की साबणसुद्धा मागतो माफी.

वेणू म्हणाली, "यंदा धप्पा
दोघांनी मिळून मारायचा."
मी म्हणालो, "एकट्याने
अंगठासुद्धा नाही बुडवायचा!"

शपथ घेतली चिवड्याची.
(दोघांचा जीव चिवड्यावर.)
पण पंचमीला वेणूचा निरोप:
"ताप आलाय. अंथरुणावर."

मीही निरोप धाडून दिला:
"मामाकडे चाललोय निफाडला."

आणि मग?
मग काय!
रहाडीकडे गेला एक पाय.
मग दुसरा पाय गेला.
मागून उरलेला मक्या गेला.

धप्पा!

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो
घालून लोकरी माकडटोपी.
बाहेर ऊन आणि आत मी.
गोष्ट नव्हती मुळीच सोपी.

"मक्या, टोपी?" वेणूने विचारलं.
"निफाडला होती थंडी फार."
"मार्चमध्ये?"
"हो ना! मामाच्या द्राक्षांना
घातले आम्ही स्वेटर चार!"

"आणि तुझा ताप?"
"गेला," म्हणाली.
पण आज ती जास्तच पांढरी.
गालावर पीठ, मानेवर पीठ,
कोपरापासून बोटांपर्यंत पीठ.
एवढ्या पिठात अख्ख्या वर्गाची
झाली असती भाकरी!

दुपार झाली. पंखा बंद.
मला घाम. तिला घाम.

टप!
माझ्या वहीवर पिवळा थेंब.
टप!
तिच्या वहीवर गुलाबी गोळा.

"वेणू, तुझ्या गालाची कणीक होतेय."
"मक्या, तुझी टोपी गळतेय."

पगार बाई वळून म्हणाल्या,
"तू टोपी काढ. तू तोंड धू."

टोपीखालून निघाले कान,
पिकल्या आंब्याहून पिवळे.
पिठाखालून गुलाबी वेणू,
कान, नाक, गाल सगळे!

"तू खोटं बोललीस!"
"तू खोटं बोललास!"
"तुझा ताप!"
"तुझा निफाड!"
"तुझे स्वेटर!"

मग दोघं गप्प. अगदी चूप.
(आम्हाला गप्प बसायला
वेळ लागतो खूप.)

वेणू हळूच म्हणाली,
"एकटीने मारला ना धप्पा,
मजाच नाही आली."

मी म्हणालो, "मला आली."
ती रागावली.
"म्हणजे थोडीशीच!"
ती अजून रागावली.
"अगं, खरं सांगतोय ना!"
मग मात्र ती हसली.
हसताना दातसुद्धा गुलाबी.

मधल्या सुट्टीत डबा उघडला.
डब्यात चिवडा होता.
ज्याची शपथ मोडली होती,
तोच आता खायचा होता.

खाल्ला. संपला. डबा पालथा.
"शेवटचा शेंगदाणा खाल्ला कोणी?"
"मी," मी म्हणालो.
"मी," ती म्हणाली.

शेंगदाणा एक.
खाणारे दोन.
सांगा बघू आता,
थाप मारतंय कोण?