दहा मिनिटं

उइके मॅडमची गाडी चौघांनी ढकलत आणली
वडकीच्या फाट्यापासून.
लाल त्रिकोण पेटलेला, पोटात उद्गारचिन्ह.
डिकीत कॅल्शियमच्या बाटल्या, दोर, सलाइन,
अन् पिंपळापूरला एक गाय अडलेली;
तिकडे ड्रेसर कवडूला मोटारसायकलवर पाठवून
मॅडम माझ्या शेडमध्ये उभ्या.

मी तसा मोटारी भरणारा माणूस.
विहिरीवरच्या पंपाच्या जळक्या कॉइल,
पिठाची गिरणी, फार तर उसाच्या रसाचं चरक.
नागपूरच्या शोरूमनं सांगून टाकलं होतं त्यांना,
पूर्ण पॅक बदला. साडेचार लाख.
"काऊन घेतली मॅडम ही जुनी हायब्रिड?"
"आवाज करत नाही रे. गोठ्यापर्यंत गेली
तरी जनावर बिचकत नाही."

स्कॅनर लावला. पी झिरो ए एटी.
लगेच पुसायचा नसतो, हे मी एकदा पुसून शिकलो.
कोड गेला की त्याच्यामागचा क्षणही जातो.
आधी वहीत:
वेग बेचाळीस, बॅटरीचं तापमान अठ्ठावन्न,
अकरावा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा दीड व्होल्टनं खाली.
मॅडम वाकून वाचतात, केसपेपर वाचावा तसं.
"माझे पेशंट तर एवढंही बोलत नाहीत."
"हे बी कुठं दुखते थे सांगत नाही मॅडम,
निस्तं दुखते म्हणते."

बारा व्होल्टची मायनस काढली.
रबरी हातमोज्यांत हवा कोंडून, वळकटी करून
कानाशी धरले. सुईएवढं भोक असलं तरी फुसफुसतं.
नारिंगी प्लग ओढला, खिशात टाकला,
दुसऱ्या कोणाचा हात जायला नको.

आता दहा मिनिटं.

काही दिसत नाही. नारिंगी वायर नारिंगीच राहते.
रज्जाकचाचांच्या उजव्या हाताला तीनच बोटं,
ते म्हणायचे, बंद केली म्हणजे गेली नाही बावा,
वीज पाहुणीसारखी. निघते म्हणते
अन् दारात उभी राहून बोलतच बसते.

सेहेचाळीस अंश. टिनाचं छप्पर कडकड वाजतं.
मॅडम घड्याळाकडे बघत नाहीत,
नाडी मोजायची सवय, मनात मोजत असतील.
सातव्या मिनिटाला कवडूचा फोन.
उलटं होतं. निघालं. कालवड.
"गाय उठली का?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं
अन् पदरानं घाम पुसला, डोळ्यांजवळचा जास्त.
मी मीटरकडे बघत राहिलो.
शून्य. परत लावला, शून्य.

झाकण उघडलं. अठ्ठावीस मॉड्यूल.
सात दशांश नऊ, सात दशांश नऊ, सात दशांश आठ,
बाविसाव्यावर सहा दशांश तीन.
सापडलं म्हणून उठलो, अन् परत बसलो.
अठ्ठावन्न अंश हे एकट्याचं काम नाही.

मागच्या सीटच्या बगलेतली जाळी काढली,
पंख्याच्या तोंडाशी रुई. गच्च, राखाडी,
मुठीनं निघाली, मग चिमट्यानं.
तीन हंगाम दवाखान्यासमोरच्या जिनिंगची उडती रुई
ही गाडी गुपचूप गिळत होती.
पंखा फिरत होता बिचारा, उशीत तोंड खुपसून.
शोरूमनं जाळी काढली नसणार.
त्यांच्याकडे कापूस उडत नाही.

अमरावतीच्या भंगारातून एक मॉड्यूल, बाराशेला.
रात्रभर बाकीच्यांशी समांतर जोडून ठेवलं,
एका ताटात जेवले म्हणजे भांडत नाहीत.
पट्ट्यांवरचा हिरवा कळंक घासला.
"किती दिवस चालेल?"
"सांगता येत नाही. एक नवा आला
का सत्तावीस म्हातारे त्याच्याकडं पाह्यतेत."
मॅडम हसल्या. "बैलाच्या मालकाला
मी याहून गोड बोलते."

वहीतला कोड मी खोडला नाही. खाली फक्त लिहिलं, रुई.
शेडच्या दारात कुत्रं आडवं झोपलेलं,
त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरानं
गाडी कधी निघून गेली,
त्यालाही कळलं नाही.