एका कानाचा स्टिरिओ

दुकानवाला म्हणाला, बसवायचे ऐंशी युरो.
ऐंशी युरोत आमच्या व्होरूमध्ये
महिन्याचं सरपण येतं.
खोकं काखेत मारलं आणि घरी आलो.

आधी बॅटरीची काळी तार सोडली.
मग लोणी लावायच्या बोथट सुरीनं
चौकट उचकटली, जुना रेडिओ ओढून काढला.
त्याच्या पाठीवर वीस वर्षांची धूळ
आणि सूर्यफुलाचं एक बी.
ते तिथं कसं गेलं असेल
याचा विचार करत उभा राहिलो मी, उणे अकरात,
बोटं तारांहून कडक होईपर्यंत.

नातवानं, राइकोनं, तक्ता पाठवला होता:
पिवळीत कायम वीज,
लाल जागी होते किल्ली फिरवल्यावर,
काळी म्हणजे जमीन.
या जर्मन गाडीत लाल बसते पिवळीच्या जागी,
हे त्या तक्त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वाजला. झकास वाजला.
दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर
घड्याळात मध्यरात्र, स्टेशनं गायब,
‘स्वागत आहे’ म्हणाला मला,
ओळख ना पाळख.
तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच.
मग पुन्हा सीटवर आडवा झालो,
उजव्या कुशीवर, डोकं डॅशबोर्डखाली,
दातात चिकटपट्टी.
दोन तारांची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम,
कारण सापडायला अख्खी दुपार.
एक स्क्रू हातातून निसटला
तो हँडब्रेकच्या पोटात गेला. जाऊ दे म्हटलं.

आता कानाचं सांगतो.
डावा कान माझा आरागिरणीत राहिला.
करवत त्या बाजूला होती, सत्तावीस वर्षं.
म्हणून लेइदा नेहमी माझ्या उजवीकडे:
जेवताना, चर्चमध्ये, बिछान्यात.
गाडीत तर तिची जागाच ती.
लोक एका कानानं ऐकतात, दुसऱ्यानं सोडून देतात.
माझ्याकडे ती सोय नाही.
आत आलेलं आतच राहतं.
अठ्ठ्याऐंशी साली मी बटाटे ओले भरले होते,
तेसुद्धा.

तर रविवारी पॉल्वाला निघालो, तिच्या बहिणीकडे.
आवाजाचा तोल मी सगळा उजवीकडे नेला,
म्हणजे मला नीट ऐकू येईल.
अकॉर्डियन, दोन फिडल, एक जाडजूड बाई गाणारी,
सगळी वरात लेइदाच्या गुडघ्यांवर.
ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, काय?
ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, छान वाजतो ना?

तळं मागे पडल्यावर तिनं पर्समधून चष्मा काढला,
बटणं नीट वाचली, शाळेच्या निकालासारखी,
आणि तोल फिरवला पार डावीकडे.
वरात उठून माझ्या दारात गेली.
मला राहिली नुसती थरथर, डाव्या गुडघ्याला.

‘आता ऐक,’ ती म्हणाली.
‘बुधवारी तार्तूहून डॉक्टरचा फोन आला होता.
गाठ साधी आहे. कापायचीही गरज नाही.
गॅरेजमध्ये येऊन सांगितलं तुला, दोनदा.
तू हूं म्हणालास.’

बुधवारी.
चांगला कान सीटमध्ये रुतलेला होता माझा,
आणि तोंडात चिकटपट्टी.
ती आली असणार डाव्या दारानं.
चार दिवस तिला वाटत होतं, मला माहीत आहे,
आणि चार दिवस मी तिच्या ताटाकडे बघत होतो
किती खाल्लं, किती टाकलं,
विचारायला भीत होतो
म्हणून त्या तारांत डोकं घातलं होतं.

मी काही बोललो नाही. गिअर बदलला,
बदलायची गरज नव्हती तरी.
दोन्ही बाजूंना बर्च, त्यांच्यावर हिमाचा पातळ हात,
गुडघ्यात ती जाडजूड बाई गात होती.

लाकूड डेपोच्या वळणावर
हँडब्रेकच्या पोटात काहीतरी खुळखुळलं.
लेइदानं मान वळवली.
‘हे काय वाजलं?’
मी म्हटलं, ‘कुठं काय?’