बद्द

एप्रिल. चिंचोली एमआयडीसीत पत्र्याखाली
काटा बेचाळीसवर, आणि रेझिनला घाई.
वीस मिनिटांचं काम
बारा मिनिटांत गोठतं.

माझं काम त्यानंतरचं.
पवनचक्कीचं टोपण, माझ्याहून दीडपट उंच,
आणि माझ्या चिमटीत पाच रुपयांचं जुनं जाड नाणं.
टक. टक. बोटभर सरकायचं. टक.
बाजारात माठ वाजवून घेतात तसं,
फक्त या माठाला
घासाघीस चालत नाही.

नीट बसलेला थर खणकन बोलतो.
दोन थरांत हवा अडकली असेल तर
बद्द.
मग लाल मार्कर, एक गोल, आत तारीख.

अप्पा एकतीस वर्षं यंत्रमागावर होते.
कान मागांनी नेले, तळवे राहिले.
चादरीवर हात फिरवून सांगायचे
कुठला धागा तुटलाय.
एकदा मी काचेच्या कापडाचा तुकडा घरी नेला.
उभं आडवं चाचपून म्हणाले,
"वीण बरी आहे. पण खाजतंय गं."

या आठवड्यात तीन टोपणं, तिन्हींना
डाव्या घडीत, वरच्या अंगाला, तोच गोल.
होटकर साहेब म्हणाले, रंगाखाली जाईल.
मी नाणं त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी वाजवलं. पुन्हा वाजवलं.
"बरं, मग कारण लिही. निष्काळजीपणा."

लिहिलं नाही. रात्रपाळीला थांबले.
सिद्धाराम बिराजदार रोलर फिरवत होता.
टाचा उचललेल्या, जीभ दातांत,
आणि रोलर घडीच्या
चार बोटं अलीकडे थांबायचा.
साचा कुणा उंच माणसाच्या मापाचा.
बारा मिनिटं त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

फॉर्मवर लिहिलं:
कारण, हात पोचत नाही.
उपाय, पाट. उंची नऊ इंच.

स्टोअरला तीन सह्या लागतात.
एक झालीय.
तोवर हार्डनरचा रिकामा क्रेट, उपडा.

आज सकाळचं टोपण.
डावी घडी. टक. टक. दोनदा फिरून आले,
सगळीकडे खणखणीत.
मार्करचं झाकण लावत खाली आले
तर गुडघ्याच्या उंचीवर
बद्द.

क्रेटवरून वाकता येत नाही,
हे तो मला बोलला नव्हता.