अंड्याची कसोटी

व्यापारी उद्या येणार, फोनसावानहून, मोटरसायकलवर.
ग्रॅमचा भाव तो सांगणार आणि आम्ही मान हलवणार.
म्हणून आज रात्री आपणच बघून घेऊ, मी म्हटलं.
आई चुलीत कणसांची बुरकुंडं सारत होती.
बघ, म्हणाली.

आधी चुंबक.
बंद पडलेल्या रेडिओच्या पोटातून काढलेलं.
त्या रेडिओवर बाबा आवाज बारीक करून
कुठकुठल्या देशांच्या बातम्या ऐकायचे.
चुंबक सरीला शिवलं आणि घसरून पडलं. चिकटलं नाही.

मग बर्फ, नूडल्सच्या दुकानातून वाटीभर मागून आणलेला.
सरीवर ठेवताच खड्याचं घाईघाईनं पाणी झालं,
जणू त्याला कुठे तरी वेळेवर पोचायचं होतं.
दोनदा पास! वामेंग ओरडला.
माझा मुलगा. त्याला व्हिएंतियानला शिकायचंय.
त्यानं बोटांवर फी मोजायला घेतली.

आमच्या भाषेत चांदीला आणि पैशाला एकच शब्द, न्या.
घरात न्या नाही असं कुणी म्हटलं
तर नेमकं काय संपलं ते विचारावं लागतं.

शेजारची काबाओ दारातूनच म्हणाली,
चुंबकाला काय कळतंय, अंडं घाला.
आमची बदकं बॉम्बच्या खड्ड्यात पोहतात.
त्यातल्या एकीचं अंडं उकडलं, चिरलं, डब्यात ठेवलं.
शेजारी सरी.
आणि सोबतीला आईचं कडं, तिच्या आईकडून आलेलं.
खरी असेल तर काळी पडेल.
झाकण लावलं. धुकं दाराच्या फटीतून आत येत होतं.

पहाटे डबा उघडला तर आधी वास बाहेर आला.
कडं काळं,
कडेकडेनं जांभळट, मध्ये दौतीतल्या शाईसारखं.
सरी होती तशी. लखलखीत. निर्लज्ज.
जे खरं त्याचं तोंड काळं झालेलं,
आणि ही आपली हसतेय.
पितळ उघडं पडलं म्हणावं, तर पितळही नव्हतं.

वामेंगनं ती हातात घेतली,
वर फेकली, झेलली.
विमान, म्हणाला.
आमच्या घरातले चमचे त्याचेच आहेत.
पडलेल्या पंखांचा पत्रा वितळवायचा, राखेच्या साच्यात ओतायचा.
नक्षी मात्र बाबांच्या हातची,
गोगलगायीची वेटोळी, डावीकडचं एक जरा चुकलेलं.

मग खरी कुठंय?

आईनं आधी चहाचं आधण ठेवलं.
आपण जंगलात होतो ते वर्ष, ती म्हणाली.
तुला ताप होता, उतरत नव्हता.
ते नदीपलीकडे गेले, दोन रात्री आले नाहीत.
आले तेव्हा गोळ्या होत्या. थोडं मीठ होतं.
पुढच्या नव्या वर्षाला ही माझ्या गळ्यात घातली
आणि म्हणाले, घासून आणली.

तुला कळलं नाही?

मानेला पहिल्याच दिवशी कळलं.

आणखी काही बोलली नाही.
पण मला आठवतं,
दर नव्या वर्षाला ती सगळ्या गावासमोर
किंचित वाकून, सावकाश चालायची,
ओझं असल्यासारखी.
बाबा मागून बघत यायचे.
चाळीस वर्षं.

व्यापारी आला. काळं कडं बघून खूश झाला.
भाव सांगितला. आम्ही मान हलवली.
फीच्या निम्मे होतील.
आणि ती गळ्यातली? त्यानं विचारलं.
आईनं सरीवर हात ठेवला.
ही जड आहे, म्हणाली, तुम्हाला परवडायची नाही.

तो हसला, किक मारली, गेला.

वामेंग अंडं शोधत होता.
ते तिनं केव्हाच मीठ लावून खाल्लं होतं.