चार अंश

रात्री अकराला सलाईनच्या सहा बाटल्या
डीप फ्रीझरमध्ये आडव्या निजवून गेलो होतो.
पहाटे उघडलं तर पाच गोठलेल्या,
एक अजून विचार करत होती.

हातोडी लाकडी. कापड निर्जंतुक, दुपदरी.
ठोकायचं, पण चिडून ठोकायचं नाही.
खडा राहिला तर तो मांसाला डसतो,
पाणी झालं तर गारवा टिकत नाही.
मधलं काहीतरी हवं.
रंकाळ्यावर गोळेवाला काडीभोवती दाबतो ना,
त्याच्याही थोडं अलीकडचं.
थिएटरमध्ये मला ‘बर्फवाले’ म्हणतात.
पगारपत्रकावर दुसरं काहीतरी आहे.

देणारा बाळगोंडा चौगुले, वय एकोणसाठ, गुळव्या.
घेणारी त्रिशला, त्याचीच लेक.
चाळीस हंगाम काहिलीच्या वाफेत काढलेला माणूस
काल बीपी बघणाऱ्या पोरीला सांगत होता,
“रस फुटाय लागला की चमचाभर उचलायचा,
गार पाण्याच्या वाटीत सोडायचा.
बोटात गोळी वळली, की काहील उतरवा.
घटकाभर उशीर, की करपलाच गूळ.
सगळं त्या वाटीवर असतंय बगा.”
पोरीनं एकशे चाळीस लिहिलं.

नऊ वाजून बारा.
सिस्टर एस्तेर सातपुतेंनी वेळ मोठ्यानं वाचली
आणि दोन ओंजळींतून ती माझ्या वाटीत आली.
गरम. ग्लोव्हजमधूनही कळतं.
धमनीतून गार द्रावण सोडलं.
शिरेवाटे आधी गडद लाल,
मग भांड्यात कुंकू विसळल्यासारखं,
मग नितळ.
तिचा जांभळा रंग उतरत उतरत राखेवर आला.
नवा होतो तेव्हा वाटलं होतं, गेली.
गेलेली नसते.
भूक आवरून बसलेली असते.

आता शेजारच्या थिएटरमध्ये.
गॉजचं अंगडं, आत भुगा भरलेला,
धमनी आणि शीर तेवढी बाहेर,
टोपडं घातलेल्या पोराचं तोंड असतं तशी.
डॉक्टर हेरवाडकरांच्या सुईतला धागा
मला दिसत नाही, हात दिसतात.
त्रिशलाचं अंग सदतीस अंश.
अंग आपलं काम करतं, ऊब देतं.
आत्ता नेमकी तीच नको आहे.
म्हणून दर चार मिनिटांनी सिरिंजनं बर्फाचं पाणी,
कडेनं चमचाभर भुगा,
आणि सक्शनचा सुर्रर्र.
माझी बोटं आधी दुखतात,
नंतर माझी राहत नाहीत.
बाहेर कुणाचीतरी वरात चाललेली,
बेंजोचा आवाज दोन भिंतींतून गाळून येतो.
कुणी काही बोलत नाही.

एकतीसाव्या मिनिटाला : “बर्फ काढा.”

दिवसभरात मला दिलेला हा एकच हुकूम.
काढला. अंगडं सोडलं.
क्लॅम्प सुटले, आधी शिरेचा, मग धमनीचा.
खालच्या टोकाकडून रंग चढला,
ठिपक्याठिपक्यांनी, मग एकदम सगळीकडे,
आणि ती तटतटून आली.
मूत्रनलिकेच्या तोंडाशी सगळे वाकलो.
काही नाही.
काही नाही.
मग एक थेंब, हिरव्या कापडावर.
हेरवाडकर म्हणाले, “हं.”
सिस्टरनी वेळ लिहिली.
उरलेला भुगा मी बेसिनमध्ये उपडा केला,
तो जायला बराच वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये
कुशीला हात धरून बाळगोंडा सावकाश येत होता.
“तुमीच का ते, बर्फाचं?”
हो म्हणालो.
“किती वेळ हुती भाईर?”
सगळं धरून तासाला थोडं कमी, सांगितलं.
तो बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिला.
एवढ्या वेळात काहिलीत काय काय होतं,
ते मला ठाऊक नाही.
मग म्हणाला,
“थंडी वाजली असंल की वो तिला.”

तिला म्हणजे कुणाला, मी विचारलं नाही.
“अंगडं घातलं होतं,” म्हणालो.