थेंब

धंतोलीतला डोळ्यांचा दवाखाना. मे. दुपार.
भिंतीवर तैलरंगातली एक बाग:
जवळून नुसते ठिपके, जाड, सुटे,
निळ्याला खेटून नारिंगी,
सावली चक्क जांभळी.
"हे पोपडे काऊन आले जी भिताडाले?"
शेजारच्या उईके बाई.

सिस्टरने थेंब घातले.
मिटा. उघडा. पुन्हा थेंब.
आधी अक्षरं गेली,
मग कॅलेंडरवरची तारीख, घड्याळाचे काटे,
आणि बाग जुळत आली.
ठिपक्यात ठिपका विरून
वाट झाली, बाक झाला,
बाकावर कोणीतरी पाठमोरं.

कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास
आता तिकडूनच येत होता.

"कोनं तरी आत्ताच पानी टाकलं वाटते झाडाईले,"
बाई हळूच म्हणाल्या.

नंबर पुकारला.
दोघींपैकी कोणी उठलं नाही.