छातीइतकं पाणी

मंगळवार, सकाळचे सात. ग्दिन्याचा तरणतलाव.
बाहेर उणे चार, आत काचांवर वाफ.
मी काठावर, कोरडी,
पाण्याच्या चालीनं पाय उचलते.
हवेतल्या वेगानं दाखवलं
तर खाली अकरा जणांची त्रेधा उडते.
एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या खेपेला फोमचे डंबेल होते.
आज नुसते तळहात:
कधी सुरीसारखे तिरपे, कधी वल्ह्यासारखे उघडे.
"एवढंच?" हालिना विचारते.
चौथ्या मिनिटाला विचारायची थांबते.

रिशार्द चाळीस वर्षं गोदीत वेल्डर.
जहाजं झाली, पोहायचं राहून गेलं.
त्यांची जागा शिडीपाशी;
खोलाकडे सरकले की मी भुवई उचलते, बस.
गेनोवेफा अखंड बडबडते. बडबडू दे,
बोलता येतंय म्हणजे दम शाबूत आहे.
ती गप्प झाली की मी तिचे ओठ बघते.

शेवटी सगळ्यांना गोल फिरवते,
एकाच दिशेनं, जोरात,
पाणी आपणहून धावायला लागेपर्यंत.
मग शिट्टी. उलटे फिरा!
आणि आपणच ढवळलेलं
आपल्याच अंगावर येतं.
कुणी खिदळतं, कुणी शेजारच्याचा दंड धरतं.
"ही ओढ मला ठाऊक आहे,"
रिशार्द पुटपुटतात,
आणि पाऊल रोवतात.

शिडी चढताना वजन परत येतं,
पायरीगणिक थोडं थोडं.
तिथे मी कुणाला घाई करू देत नाही.